न्हाणीवरची फांदी

…न्हाई न्हाई, कागूद ठिवा खिशात, कागूद नगं मला. पाठ हाय तो. तारंला फांदी लागायली म्हंजे कंपनीचा मानूस मालकाच्या जागंत येऊ शकतो, फांदी तोडू शकतो, मालकानं आडवं यायचं न्हाई — असंच हाय ना त्यात? मग? मी कुठं आडवी यायले? मी तर बसा म्हनायले. त्या बाजंवर बसा, उन्हात कामून उभे राहायलात. कोयता ठिवा खाली. कोयता हातात धरून कोनी च्या पितं का — ए प्रियंका, च्या ठिव गं, लाईटीचे वायरमन आलेत, नवे! — सून हाय माजी. पंडित ना नाव तुमचं? हौ, सांगितलं मला सुनंनं. परवा येऊन गेलात म्हनं, मी पालमला बाजाराला गेलते तवा. आज हाय मी घरी. बसा. झाड कुठं पळून जायलंय का? चाळीस वर्सं उभं हाय, आनखी अर्धा घंटा उभं राहील.

घाई हाय? असंल. पन लाईन तर बंद करून आलात ना? बांधावरच्या खांबाचं हँडल खाली वढलं, गळ्यातली दस्ती, रुमाल तुमचा, सोडून हँडलला बांदली, मग इकडं आलात — बगितलं मी, शेळ्या बांदायला गेलते तिकडं. निळी हाय तुमची दस्ती, नवीच दिसायलीय. मग बसा की निवांत. तार मेलेली हाय आता, तुमी सोडल्याबिगर कोन तिला जित्ती करायलंय?

च्या होईस्तोवर ऐका. ही चिच मी लावलीय. लग्न होऊन आले तवा ह्या परसात सावली म्हनून नव्हती, नुसता मुरूम. आमचे मालक — मालक म्हंजे माजा नवरा, वारले ते आता — ते म्हनले, बाईनं लावलेलं झाड जगत न्हाई मुरमात. मी म्हनले, बगू. घरातलं सगळं सांडपानी हिला घातलं, भांड्याचं, धुन्याचं, लेकराला न्हाऊ घातलेलं. जगली. लय वर्सांनी तार आली. पप्पू माजा रांगायलता तवा. खांब रोवला तवा मीच हळद-कुकू वाह्यलं खांबाला, नारळ फोडला, येडे झालतो आमी, लाईट येनार, लाईट येनार! तार झाडावरून जायलीय हे कोनाच्या ध्यानात बी आलं न्हाई. आन् आलं असतं तरी कोन इचारनार व्हतं आमाला? मालकांनी अंगठा दिला, झालं. आता तुमी म्हनता झाडानं तारंच्या वाटंत येऊ नये. आवो, झाड आदी व्हतं, तार मागून आलीय. बुडखा माजा, मुळं माजी, पानी मी घातलेलं, आन् वरच्या फांद्या तेवढ्या कंपनीच्या — ही वाटनी कोनी केली? हसायलात काय? हसा. चांगलं हसता तुमी. तुमच्या आदीचा वायरमन बी हसायचा.

आता ती फांदी बगा — न्हाई, इकडून बगा, माज्या बाजूनं. ती मोठी, तारंकडं गेलेली, तीच तोडायची ना तुमाला? तिच्या खाली काय हाय दिसलं का? चार फरश्या, तीन बाजूनी लुगड्याचा आडोसा, चौथ्या बाजूनं घराची भिंत. न्हानी हाय ती आमची. वर छप्पर न्हाई. वर ती फांदी. खाली उभं राह्यलं तर काय बी दिसत न्हाई, रस्त्यावरून जा, बांधावरून जा, लुगडं दिसतं फक्त. घरामागच्या ह्या खांबावर चढल्यावर मातर — फांदी असली तर पाला दिसतो. फांदी नसली तर सगळं दिसतं. तुमी चढता, तुमाला म्हाईत.

छप्पर टाका म्हनता? लय हुशार निघालात. टाकलं व्हतं. पप्पूनं चार पत्रे आनून टाकले व्हते, मोठ्या हौसेनं, बायकूसाठी. म्हैन्याच्या आत तुमच्या हापिसातून कागूद आला, तारंखाली बांदकाम चालत न्हाई, पत्रा उडून तारंवर गेला तर जिम्मेदारी कोनाची, काढा. काढले. शेळ्याच्या गोठ्यावर हायत ते आता. आन् न्हानी दुसरीकडं घ्यावी म्हनलं तर कुठं घ्यावी, पुढं रस्ता, मागं ही तार, हिकडं शेजाऱ्याची भिंत, तिकडं गोठा. म्हंजे बगा, पत्रा टाकायचा न्हाई, फांदी ठिवायची न्हाई, आन् बाईनं न्हायचं कुठं हे कोनत्याच कागदात ल्हिलेलं न्हाई. मी सगळे कागूद वाचून घेतलेत मास्तरकडून. कुठंच न्हाई.

घ्या, च्या घ्या. जरा गोडच करती ती. — जा तू आत, लेकरू उठलं बग. — बगा, तुमी वर बगितलं न्हाई ती आली तवा, कपाकडं बगत राह्यलात. ती बी हेच म्हनली. परवा फाटकातूनच हाक मारली म्हनं तुमी, घरात कोन हाय का, आन् ती बाहीर आल्यावर तिकडं तोंड करून बोललात. चांगलंय. मानसानं असंच असावं. पन पयल्या वर्सी परमेश्वर बी असाच व्हता.

परमेश्वर म्हंजे तुमच्या आदीचा वायरमन. ऐकलंच असंल नाव, तुमी त्याच्याच जागंवर आलात ना. गावाचा लाडका मानूस. मोटार जळाली, बोलवा परमेश्वरला. लग्नाच्या मांडवात लाईट गेली, परमेश्वर कुठंय. धावून यायचा, खोटं कामून बोलू? मला मावशी म्हनायचा. माज्या हातची चिचंची चटनी डब्यात घेऊन जायचा. आन् पप्पू दिवाळी झाली की ऊस तोडायला जातो कारखान्यावर, त्यो थेट पाडव्यापर्यंत येत न्हाई. आदी दोघं नवरा-बायकू जायचे, कोयताच व्हता त्येंचा जोडीचा. पन लेकरू झालं, आन् लेकराला तिथल्या पाचटाच्या खोपीत न्युमोनिया झाला, तवापासून प्रियंकाला मी ठिवून घेतलं. म्हंजे घरात आमी दोघी. हे साऱ्या गावाला म्हाईत. परमेश्वरला बी म्हाईत.

छाटनी कवा असती, पंडितराव? पावसाळ्याच्या आदी. वैशाखात. सगळ्या गावातल्या झाडायची वैशाखात व्हायची. आमच्या झाडाची वैशाखात, मग दिवाळी झाल्यावर, मग पुन्ना संक्रांतीला. मी म्हनले, आरं फांदी तारंपासून दोन हात लांब हाय की. म्हनायचा, मावशी, वारं सुटलं की येती, तुमाला न्हाई कळायचं, लाईन चेक करावी लागती. कोयता घालायचा, चार फांद्या पाडायचा, मग खांबावर चढून बसायचा. सकाळी नवाच्या सुमाराला. न्हेमी नवाच्याच सुमाराला. मी शेळ्या घेऊन गेलेली असायची त्या वक्ताला.

प्रियंका मला काय बी बोलली न्हाई. तिनं काय केलं — पहाटं चारला न्हायला लागली. पुसाच्या थंडीत, उघड्यावर, चारला! खोकला लागला, लेकराला बी लागला. मी शिव्या दिल्या तिला, काय थेरं हायत ही, दिवसा काय झालं न्हायला? म्हनली, असंच. म्हनली, कामं उरकतेत लवकर. आन् मग एक दिवस शेळी लंगडायली म्हनून मी अर्ध्या वाटंतून माघारी आले. त्यो खांबावर व्हता. पट्टा बांदून, निवांत, पाय गुतवून बसलता. हातात पान्हा न्हाई, पक्कड न्हाई, काय न्हाई. नुसता बसलता आन् खाली बगायलता. न्हानीत माजी सून लेकराला न्हाऊ घालायलती, तिला वाटलं तो गेला. पदर बिदर काय — जाऊ द्या. तुमी परके. मी खालून म्हनले, काय करायला रे? त्यो दचकला बी न्हाई. हसला. म्हनला, लाईन चेक करायलोय मावशी.

गेले ना, हापिसात गेले! न जायला काय झालं? दोनदा गेले. साहेबानं खुर्ची दिली, हाच कागूद वाचून दाखिवला, हाच, तुमच्या खिशातला. म्हनला, बाई, झाड तुमचं असलं तरी लाईनच्या हद्दीत फांदी तोडायचा अधिकार आमच्या मानसाला हाय, त्यानं तुमच्या आवारात कवा यावं ह्याला बी तुमची परवानगी लागत न्हाई, उलट तुमी अडवलं तर सरकारी कामात अडथळा म्हनून तुमच्यावरच केस हुईल. मी म्हनले, त्यो जास्त तोडतो. साहेब म्हनला, जास्त-कमी आमी ठरवतो. — न्हाई, ते न्हाई सांगितलं. कसं सांगनार? दहा मानसं बसलती तिथं, बिलवाली. सुनंचं नाव घेऊ का मी हापिसात? आज साहेबाला सांगितलं की उद्या चौकात, परवा कारखान्यावर पप्पूच्या खोपीत. आन् पप्पूचा राग मला म्हाईत हाय, माज्याच पोटचा हाय त्यो. त्याच्या हातात बी कोयताच असतो दिवसभर. मग मी काय म्हनले, खांब तरी हलवा तिकडं बांधाला. त्यो म्हनला अर्ज द्या. दिला. तीन दिले. तीन अर्ज हायत माजे तुमच्या हापिसात, बगा कुठं सापडले तर.

मग ते झालं. माघातली गोष्ट. दोन वर्सं झाली. ऐकलंय ना तुमी? काय ऐकलं? — हौ. तेच. परमेश्वर झाडावर व्हता, मुंजाजीनं हँडल वर केलं, तार जित्ती झाली. मुंजाजी म्हंजे त्या बांधाचा मालक, लय सादा मानूस. त्या हप्त्यात शेतातल्या लाईटीची पाळी दिवसाची व्हती, भुईमूग सुकायलता त्याचा, त्यो आला, बगितलं हँडल खाली हाय, दस्ती न्हाई, वाटलं कोनी पोरासोरानं वढलं असंल, केलं वर. आता आमच्याकडं त्या हँडलला कुलूप कवाच नव्हतं हो. असंल कागदावर. आमचं कुलूप म्हंजे दस्ती. वायरमनची दस्ती बांदलेली असली की मानूस वर हाय — मग पीक जळू दे, लगीन अडू दे, कोनी हात लावत न्हाई. बारकं लेकरू बी लावत न्हाई. आन् दस्ती नसली की हँडल कोनाचं बी. चौकशीचा साहेब जिल्ह्यावरून आला, ह्याच बाजंवर बसला, त्यानं इचारलं, बाई, दस्ती बांदली व्हती का परमेश्वरनं? मी म्हनले, मी न्हाई बगितली. त्यानं ल्हिलं. वायरमनची स्वताची चूक, निष्काळजीपना, तारंतला करंट जिमिनीत उतरवायची साखळी टाकली न्हाई तारंवर, निशानी बांदली न्हाई. गाडीच्या डिक्कीतच व्हती साखळी. तुमची कुठंय? डिक्कीतच? बगा.

तरी म्हनते मी, तुमी सगळे सारखेच, दस्तीवर सोडून देता जीव. त्याची लाल व्हती. काठाला पांढरी फुलं, आन् एका कोपऱ्याला बिडीनं पडलेलं भोक, करपलेलं, काळं — दोनदा साबन लावून धुतलं तरी ते काळं काय निघत न्हाई.

काय?

काय म्हनले मी? न्हाई… कुसुमबाईनं दाखिवली. कुसुमबाई त्याची बायकू. तिच्या घरी बगितली मी. — हां, सापडली न्हाई म्हनून ल्हिलंय का कागदात? तुमी वाचलाय वाटतं त्यो चौकशीचा कागूद. मग दुसरी असंल. तसलीच दुसरी. मानसाकडं दोन दस्त्या नसतेत का?

असं बगू नका माज्याकडं. च्या घ्या, निवायलाय.

बरं. हाय माज्याकडं. पेटीत हाय, लुगड्याच्या खाली. काय करता? आता ऐकायलाच बसलात तर सगळं ऐका. त्यानं त्या दिवशी झाडावर चढता चढता काय म्हनावं — म्हनला, मावशी, आज हा मोठा फाटाच घेतो बुडातून, म्हंजे परत परत यायला नको. आन् हसला. प्रियंका दारात उभी व्हती लेकराला घेऊन, तिचं तोंड बगितलं मी. पांढरंफटक. ती आत गेली आन् कडी लावली, भर दिवसा. मी शेळ्या सोडल्या आन् बांधाकडं गेले. कामून गेले? न्हाई म्हाईत. शेळ्या जातेत तिकडं म्हनून गेले. हँडलपाशी आले, दस्ती फडफडायलती. मी हँडलला हात लावला न्हाई. ह्या लेकराची आन घेऊन सांगते, हँडलला माजं बोट बी लागलं न्हाई, आजपतूर लागलं न्हाई, मला भेव वाटतं त्या लोखंडाचं. मी गाठ सोडली. येवढंच. साधी गाठ व्हती, एकाच हातानं सुटली. झाडावरून त्याला दिसत नव्हतं, मधी कडब्याची गंजी व्हती. दस्ती कमरंला खोवली आन् शेळ्यामागं गेले.

इचार केला व्हता का, असं इचारायचंय ना तुमाला? न्हाई. म्हंजे — केला. बाभळीखाली बसले व्हते मी, मुंजाजी बांधावरून येताना दिसला. लांबून दिसला, खांद्यावर फावडं, बिगीबिगी यायलता. मला म्हाईत व्हतं त्यो कशाला यायलाय. हाक मारता आली असती. आवाज माजा केवढा हाय साऱ्या गावाला म्हाईत, मी हाक मारली तर तिकडं हनमंताच्या देवळात ऐकू जाती. तोंड उघडलं व्हतं मी. खरं सांगते, उघडलं व्हतं. मग परमेश्वरचा कोयता ऐकू आला, खट्, खट्, बुडात. तोंड मिटून घेतलं.

मेला न्हाई त्यो. मेला असता तर सुटला असता, मी बी सुटले असते. दोन्ही हात गेले, खांद्यापासून. मी गेलते बगायला. गावातल्या सगळ्या बायका गेल्या, मग मी न जाऊन कसं चालंल? कुसुमबाईनं मला धरून रडून घेतलं. म्हनली, त्येंना तुमची चटनी लय आवडायची, बायनाबाई, तुमी तरी आलात. माज्यासमोर त्याची लेक, ज्ञानेश्वरी, सातवीला हाय, ती गिलास धरून पानी पाजायलती बापाला, आन् पानी हनुवटीवरून गळायलतं, ती पुसायलती. वाईट वाटलं. वाटतं. तुमाला काय वाटलं, मी दगड हाय? घरी येऊन दोन दिवस भाकर गोड लागली न्हाई. पन एक सांगते. त्यानं माज्याकडं बगितलं. एकदाच. आन् लगेच नजर खाली घातली. उभ्या जल्मात पयल्यांदा त्या मानसानं नजर खाली घातली. त्याला कळलेलं हाय. गाठ त्यानं स्वताच्या हातानं मारली व्हती, त्याला कसं न्हाई कळनार? पन बोलला न्हाई चौकशीत. बोलंल कसा? दस्ती कोन सोडंल म्हनून इचारलं तर माजं नाव घ्यावं लागंल, आन् बाईनं कामून सोडली म्हनून इचारलं तर — खांबावर नवाला काय करायलता ते सांगावं लागंल. लेकीसमोर. म्हनून गप हाय.

मुंजाजीचं मातर वाईट झालं. ते मला खातंय. त्यो दोन दिवस पोलिसात बसला. सुटून आला तर मोटारीचं बटन बी दाबंना. रान बटईनं दिलं आन् पूर्णेला गेला मेव्हन्याकडं, टेशनावर हमाली करतो म्हनं आता. पन्नाशीतला मानूस. जायच्या आदी आला व्हता माज्याकडं, तिथं, त्या पायरीवर बसला. म्हनला, बायनाबाई, तू त्या दिवशी बांधाकडं व्हतीस ना, तूच सांग मला, दस्ती नव्हती ना? माजे डोळे तर फिरले नव्हते? मी म्हनले, नव्हती भाऊ. म्हनला, शप्पथ? मी म्हनले, शप्पथ. लय बरं वाटलं त्याला, रडला. खोटं बोलले का मी? त्यानं बगितलं तवा नव्हतीच की दस्ती. पन त्यो गेला आन् मी त्या पायरीवर बसून राह्यले, दिवे लागले तरी बसून राह्यले. प्रियंका आली, शेजारी बसली. तिनं पेटी उघडून बगितलीय कवा तरी, मला वाटतं. दुसऱ्या दिवशी नवाला तिनं चुलीवर पानी ठिवलं, लेकराला माज्याजवळ दिलं, आन् गेली न्हायला. उन्हात. दोन वर्सं झाली, रोज नवा-धाला न्हाती ती. गानं बी म्हनती कवा कवा.

तिकडं काय बगायलात? गंजीच्या पलीकडं दिसत न्हाई इथून. हाय, हाय, तुमची दस्ती जाग्यावर हाय. मी हात लावला न्हाई.

अजून.

बसा, बसा, येवढं काय उठायलात तडकन? च्या सांडला की अंगावर. पोळलं का? मी काय म्हनले तुमाला? तुमच्या-माज्यात काय वैर हाय का? तुमी चांगल्या घरचे दिसता. मी कागूद मानते, कायदा मानते, फांदी तारंला लागायलीय हे मला बी दिसायलंय, काल वारं सुटलं तवा ठिनग्या पडल्या, मी आंधळी न्हाई. उद्या गंजी पेटली तर माजीच पेटंल. तोडायचा अधिकार तुमचाच हाय. तोडा. चढा. कोन न्हाई म्हनायलंय? मी जाते हँडलपाशी, राखन करते. मुंजाजीचं रान ज्याला बटईनं दिलंय त्यो पानी द्यायला अकराला येतो, रागीट हाय जरा, पन दस्ती बगितली तर न्हाई लावायचा हात. मी उभी राहते तिथं. मग तर झालं?

का हो?

चढा की. अधिकार हाय ना.

न्हाई चढत? घाम पुसा, दस्तीनं — न्हाई, ती तिकडं राह्यली. बाहीनं पुसा. बरं, मग मी सांगते तसं करा. हापिसात जा आन् साहेबाला सांगा, ती फांदी तोडन्यासारखी न्हाई, खांबच हलवावा लागंल बांधाला. तीन अर्ज हायत म्हनावं बाईचे. कारन काय सांगायचं ते तुमी बगा. तुमी शिकलेले हाव. माजं नाव सांगायचं असंल तर माजं नाव सांगा, मी भेत न्हाई, पोलीस घेऊन या, इथंच असते मी, पेटी उघडून दाखिवते. पन मग सगळंच सांगावं लागंल. कारखान्यावर पप्पूच्या कानी जाईल, परमेश्वरच्या लेकीच्या कानी जाईल, मुंजाजीला तिकडं टेशनावर कळंल की बायनाबाईनं खोटी शप्पथ घेतली. सोसवंल का तुमाला येवढं? आन् खांब हलस्तोवर त्या फांदीला हात लागता कामा नये. तुमी न्हाई, तुमच्या जागी दुसरा आला तर त्यानं बी न्हाई. त्याला सांगून ठिवा. मला परत परत सांगायला लावू नका, माजं बी वय झालं आता.

कोयता राह्यला, घ्या. तुमच्याच कामाचा हाय, मला कशाला? आन् हँडल वर करताना दस्ती आदी सोडून घ्या हो, गडबडीत इसरून जाल. फाटकाची कडी लावा नीट, शेळ्या बाहीर पळतेत. जा आता. सरळ जा, मागं वळून बगू नका — पानी तापलंय, सून न्हायला जायलीय.